बापूंच्या नावाचा फोन

कुणी कागद मागितला की माझ्या बापूंना, म्हणजे प्रेमदास राठोडांना, मान मिळाल्यासारखं वाटायचं. २००८ साली त्यांनी आखाडा बाळापूरच्या बाजारात पहिलं सिमकार्ड घेतलं. दुकानदार म्हणाला, "काका, चार झेरॉक्स अन् चार फोटो ठेवून जा. फॉर्म माघारी आला तर तकलीफ नको." बापूंनी सहा-सहा ठेवले. फोटो फेटा बांधून काढलेला. 'हा लई चांगला आला,' असंही सांगितलं असणार, मी ओळखते त्यांना.

दोन महिन्यांनी पोलीस ठाण्याचे जमादार आमच्या तांड्यावर आले. माझे होणारे सासरे नेमसिंग कुरुंद्याकडच्या त्यांच्या गावात ग्रामपंचायतीला उभे होते. त्यांना एक माणूस आवाज दाबून फोनवर धमकावत होता, 'अर्ज मागं घे, न्हाई तर हातपाय तोडीन.' त्यांनी तक्रार केली, तर नंबर निघाला बापूंच्या नावावर. फॉर्मला फोटो बापूंचा, मतदान कार्डाची झेरॉक्सही बापूंचीच.

"म्या एकच कार्ड घेतलंय साहेब," बापू म्हणाले.

"मंग ह्या फेट्याखाली कोण हाय?" जमादारांनी विचारलं.

लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. मला तर रडूच फुटलं. नवरा आवडला होता, खोटं कशाला सांगू? जमादार बापूंना नेमसिंगांसमोर उभं करायला निघाले, तेव्हा मी आणि आई हट्टानं जीपमध्ये चढलो.

नेमसिंगांनी आम्हाला साधं पाणीही विचारलं नाही. फॉर्म उलटापालटा केला, मग जमादारांना म्हणाले, "त्यो फोन किती वेळ चालला, लिहिलंय का?"

"चाळीस सेकंद."

"मंग हे आमचे व्याही न्हाईत." नेमसिंग हसायला लागले. "हे आधी माझी, मंग घरच्यायची, बैलायची, म्हशीची खुशाली इचारतेत. मुद्द्यावर यायलाच अर्धा तास लागतो. हातपाय तोडायचे असते, तरी आधी गुडघा कसा हाय ते इचारलं असतं."

खुशाली विचारल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही ही तांड्याची रीत, पण बापू ती जरा जास्तच पाळतात. बापूंच्या उरलेल्या झेरॉक्स-फोटोंवर दुसरं कार्ड कुणाला विकलं, ते विचारायला जमादार हसू दाबत दुकानदाराकडे निघाले. माझा जीव भांड्यात पडला. बापूंनी डोळे पुसले.

"व्याही," ते म्हणाले, "गुडघा कसा हाय आता?"