ॲम्बेसेडरचे आटे

ऐक ना भो, मध्ये बोलू नको, नुसतं ऐक. आपल्या कोरीटच्या हेमकांतचं सांगतोय. त्यांच्या अंगणातली ती पांढरी ॲम्बेसेडर आठवते ना? पांढरी म्हणजे काय, आता पार सायीसारखी पिवळट पडलीय. लहानपणी सारंगखेड्याच्या यात्रेला निघाली की मागच्या सीटवर हेमकांत, त्याची बहीण रोशनी आणि मामाची सगळी पोरं एकमेकांच्या मांडीवर, डिकीत केळीचा घड, आणि वाटेत मिरच्या वाळत घातलेल्या असल्या की खिडकीतून असा ठसका यायचा की सगळी गाडी खोकायची. पुढे गोपालआबा, हेमकांतचे वडील, एकटेच हसत गाडी चालवतायत.

आबांनी त्या गाडीला कधी गॅरेज म्हणून दाखवलं नाही. सगळं स्वतः करायचे. आणि त्यांची नट कसायची एक तऱ्हा होती. पाना हातात घेतला की अंगणात सगळ्यांनी गप्प. हेमकांतची आई शांतीबाई मिरची कुटत असल्या तर त्यांनीही मुसळ धरून ठेवायचं. आबा कान इंजिनाकडे करून हळूहळू पाना ओढायचे. नट पुरेसा घट्ट झाला की बारीकसा कुर्र आवाज येतो बघ. तो आला की आबा म्हणायचे, "बोलना," म्हणजे नट बोलला. लगेच पाना बाजूला. बोलल्यानंतर केसभरही पुढे नाही. लहानपणी हेमकांतला वाटायचं, नट सगळ्यांच्याच गाडीचे बोलतात, पण ऐकू येतं फक्त आपल्या बापाला.

तर यंदा दिवाळीनंतर त्या गाडीची हेडची पॅकिंग उडाली. हेड म्हणजे इंजिनावरचं झाकण. ते खालच्या ब्लॉकमध्ये रोवलेल्या स्टडांवर, म्हणजे उभ्या बोल्टांवर बसतं आणि वरून नट. पॅकिंग बदलणं आबांना काही नवीन नव्हतं. हेमकांत नंदुरबारला कामावर होता. सुट्टीला घरी आला तर काय, बोनेट उघडं, आणि पान्याच्या दांड्यात लोखंडी पाईपचा तुकडा अडकवलेला. आपल्याकडे बोअरची मोटार बसवताना पाईपच्या जोडाचे फ्लँज आवळायला, जास्त जोर यावा म्हणून लावतात ना, तोच पाईप. आबांनी तो पाईप लावून इंजिनाचा नट आवळला होता. स्टड वर उपटून आला होता आणि त्याच्या अंगाला ब्लॉकचे आटे, म्हणजे भोकातले पेच, लोखंडाचा भुगा होऊन.

आबा ओट्यावर बसले होते. गाडीकडे पाठ.

"भंगारवालाले बलाव," म्हणाले. "मन्हा हात गयात आते."

"आबा, आटे नवीन पाडता येतात."

"गाडीना पडतीन. मन्हं काय?"

त्या दिवसापासून आबांनी गाडीला हात लावला नाही. हेमकांतला गाडीचं एवढं नव्हतं रे. बाप स्वतःलाच भंगारात काढायला निघालाय, हे त्याला बघवेना. म्हणून त्यानं अजितला बोलावलं. आयटीआयमधला आपला दोस्त, आता म्हसावदला गॅरेज आहे त्याचं. रविवारी सकाळी आला ड्रिल, आटे पाडायचा टॅप आणि ती स्प्रिंगसारखी बारीक गुंडाळी घेऊन. भोक मोठं करायचं, नवीन आटे पाडायचे, त्यात ती गुंडाळी बसवली की जुना स्टड पुन्हा धरतो.

"फक्त ड्रिल तिरपं गेलं ना भो," अजित म्हणाला, "तर बाजूला पाण्याची वाट आहे. मग आबा म्हणतात तेच खरं, भंगार. आणि हे एकदाच होईल. पुन्हा उपटलं तर मला फोन करू नको."

हेड उतरवलं, सिलिंडरच्या तोंडात फडकी कोंबली, ड्रिलला ग्रीस फासलं, भुगा चिकटावा म्हणून. भोक सरळ जावं म्हणून हेमकांतनं सुताराचा गुण्या उभा धरला आणि अजितनं श्वास रोखून भोक पाडलं. सरळ. मग टॅप. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. आणि टॅप असा किंचाळायला लागला की आतून शांतीबाई म्हणाल्या, "कुत्रं दबायनं का रे तठे?"

आबा तिथंच खाटेवर शेंगा फोडत होते, हातभर अंतरावर. मान वळली नाही.

"आबा," अजित त्यांच्या पाठीमागून म्हणाला, "हेमकांतसाठे पोरगी दखी ऱ्हायनात का त्याले बी भंगारमा देतस?"

आबा शेंगा फोडतायत.

"लईच रागावलेत," अजित पुटपुटला.

पण हेमकांतच्या हातातला गुण्या खालीच आला. त्याला आठवला आबांच्या टीव्हीचा तो मोठा आवाज. फोनवर दर वाक्याला "काय?" आणि मग तो पाईप. नट बोलला होता रे. आबांना ऐकूच आला नव्हता. ते वाट बघत राहिले, बोलत नाही म्हणून अजून ओढलं, तरी बोलत नाही म्हणून पाईप लावला. हात कुठं गेले होते? हात तर पहिल्यासारखेच होते.

आता हे बापाला सांगायचं कसं?

गुंडाळी बसली, स्टड ताठ उभा राहिला, हेड चढलं. अजित त्याच्या, पुरेसं घट्ट झालं की टक वाजणाऱ्या पान्यानं मधून बाहेर एकेक नट कसत गेला. शेवटी उरला तोच, उपटलेल्या जागेचा. तेवढ्यात आबा उठले, धोतराला हात पुसले, आपला जुना पाना उचलला.

"सरक," अजितला म्हणाले. "हाऊ माले कसू दे."

अजितनं हेमकांतकडे बघितलं. हेमकांत म्हणाला, "कसू दे."

आणि गंमत बघ, सगळे आपोआप गप्प झाले. शांतीबाईंनी आत मिक्सर बंद केला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. आबांनी कान इंजिनाकडे केला. पाना ओढला. अजून थोडा. आणि नट बोलला. कुर्र. एकदम साफ. अजितला ऐकू आला, दारातून शांतीबाईंना ऐकू आला.

आबांचा हात चालूच.

हेमकांतनं गप्प बसावं तर आटे जातील, या वेळी कायमचे. बस म्हणावं तर बायकोसमोर, परक्या पोरासमोर आबांना कळणार की आपल्याला ऐकू येत नाही. त्यानं आबांच्या हातावर आपला हात ठेवला.

पाना थांबला.

"बोलना?" आबांनी विचारलं.

हेमकांतनं मान हलवली.

आबांनी अजितकडे बघितलं, दाराकडे बघितलं. शांतीबाई खाली बघत होत्या. "मी त वाट दखी ऱ्हायंतू," आबा हळूच म्हणाले, आणि पाना हेमकांतच्या हातात दिला.

गाडी पहिल्या सेल्फला लागली. आबा स्टेअरिंगवर बसले, कोरीटभर चक्कर मारून आले, भंगारवाल्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. पण पानाही पुन्हा हातात घेतला नाही. हेमकांत अजून म्हणतो, आणखी एक ओढ ओढू दिली असती तर कदाचित आटे टिकलेही असते, आणि आबांना वाटलं असतं की आपणच थांबलो. खरं सांग, त्याच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?