आल्तीन वेनिंगाचा मृत्युदाखला

आल्तीन वेनिंगाला आपण मेल्याची बातमी कळली ती एका मंगळवारी सकाळी, कॉफीच्या वेळी. बातमी आणली तिच्या भाचीने. रेन्स्के ही थोरल्या भावाची, वुब्बोची मुलगी. शाळेतली नोकरी संपल्यापासून तिने घराण्याचा वंशवृक्ष मनावर घेतला होता. दुसऱ्या बायका निवृत्त झाल्या की विणकाम काढतात, ही मेलेल्यांच्या मागे लागली होती.

"आत्या, तू मेलीस," लॅपटॉप उघडत ती म्हणाली. "एकोणचाळीस सालच्या जूनमध्ये. चार वर्षांची होतीस."

"तरीच म्हटलं गुडघे एवढे का दुखतात," आल्तीन म्हणाली आणि बिस्किटांचा डबा पुढे केला.

दोघी पोटभर हसल्या. झ्वोले शहरातल्या कुणा गृहस्थाने वेनिंगांचा वृक्ष इंटरनेटवर टाकला होता आणि त्यात आत्याबाईंना परस्पर स्वर्गात धाडलं होतं. आल्तीनचा जन्म एक्केचाळीसचा. जन्माआधी दोन वर्षं मरण्याचा पराक्रम वेनिंगांच्या घराण्यात अजून कुणी केला नव्हता. रेन्स्केने त्या गृहस्थाला नम्र पत्र लिहिलं की आमच्या आत्याला कृपया पुन्हा जिवंत करावं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. माणूस चिकट निघाला. आपण पुराव्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही असं सांगून त्याने प्रांताच्या अभिलेखागारातल्या मृत्युदाखल्याची प्रत जोडली होती. तिकडे जन्माच्या नोंदी शंभर वर्षं बंद असतात, मृत्यूच्या मात्र पन्नास वर्षांत सगळ्यांना खुल्या होतात. त्यामुळे त्याला मरण दिसलं होतं, जन्म दिसलाच नव्हता. आल्तीनच्या आईच्या निधनाच्या जाहिरातीत मुलांच्या नावांत 'आल्तीन' वाचलं, आणि पठ्ठ्याने दोन्ही एकच समजून गाठ मारून टाकली.

रेन्स्केने दाखला पडद्यावर मोठा केला तेव्हा ती हसत नव्हती. कारकुनाच्या तिरप्या अक्षरात सगळं स्वच्छ लिहिलं होतं. आल्तीन वेनिंगा, वय चार, दुपारी तीन वाजता. बटाट्याच्या स्टार्चच्या कारखान्यातला कामगार यान वेनिंगा आणि त्याची बायको हिन्ड्रिक्ये यांची मुलगी. कारण लिहिलेलं नव्हतं, ते कधीच लिहीत नाहीत. खाली वडिलांची सही होती.

ती सही आल्तीनने लगेच ओळखली. तिच्या प्रगतिपुस्तकावर बाबा आडनावाखाली चांगला लांब फराटा ओढायचे, जणू गणितातले गुण त्यांनीच मिळवलेत. इथे फराटा नव्हता. आडनावाचं शेवटचं अक्षरही अर्धं राहिलं होतं.

"नाव ठेवण्याची रीत," रेन्स्के हळूच म्हणाली. "मला आधीच सुचायला हवं होतं."

रीत साधी होती. पहिल्या मुलीला एका आजीचं नाव, दुसरीला दुसऱ्या आजीचं. नाव दिलेलं पोर गेलं तर आजीचं नाव वाऱ्यावर सोडायचं नाही, पुढच्या मुलीला द्यायचं. वेनिंगांची म्हातारी आल्तीन तेव्हा ठणठणीत होती आणि नावाच्या बाबतीत हट्टी होती. म्हणजे घरात आधी एक आल्तीन येऊन गेली होती, आणि ही तिच्या जागेवर आलेली.

आल्तीनने कप खाली ठेवला. तिला आठवला तो कालवा, दारापासून दहा पावलांवरचा. त्यावरून बटाट्याच्या होड्या जायच्या. ऑक्टोबर लागला की कारखान्याचा कुबट गोड वास वाळत घातलेल्या कपड्यांत शिरायचा. संध्याकाळी आई दारात उभी राहून हाका मारायची, "वुब्बो! हार्म! ... आणि तू गं, पोरी, चल आत." भावांना नावं, हिला पोरी. घरात आईने तिला कधी नावाने हाक मारली नाही. त्या भागात सगळ्याच मुलींना पोरी म्हणत, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, पण आल्तीनच्या आलं होतं. हिवाळ्यात कालवा गोठला की अख्खा गाव स्केट्स बांधून बर्फावर उतरायचा, म्हातारेकोतारेसुद्धा. हिला दारातच बसवून ठेवायचे. सात वर्षांची असताना तिने मनाशी ठरवून टाकलं की आईला मी नकोशी आहे. ते तिने कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ते आत तसंच ठसठसत होतं.

"तुझ्या बापाला माहीत असणार," ती म्हणाली. "चल."

वुब्बो अठ्ठ्याऐंशीचा, वृद्धाश्रमात खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला असायचा. कसा आहेस विचारलं की "वाईट नाही" म्हणायचा. तिकडच्या माणसाने एवढं म्हटलं म्हणजे प्रकृती उत्तम समजावी. रेन्स्केने दाखल्याची छापील प्रत त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने चष्मा लावला, वाचलं, आणि चष्मा काढून खिशात ठेवला. रेन्स्के चहा आणते म्हणून उठली आणि बराच वेळ परत आली नाही. शहाणी मुलगी.

"बाबांनी शपथ घातली होती," वुब्बो म्हणाला. "आईसमोर तो विषय काढायचा नाही. मग बाबा गेले, आई गेली. मला वाटलं, आता तुला कशाला सांगायचं."

"आता सांग."

त्याने तोडून तोडून सांगितलं. तो आठ वर्षांचा होता. जून महिना, कपडे धुण्याचा दिवस. आई दोरीवर चादरी घालत होती आणि छोटी आल्तीन चादरींमधून लपाछपी खेळत होती. शेवटची चादर घालून आई वळली तर पोर नाही. आधी आईला वाटलं लपली असेल, म्हणून ती हसत हसत हाका मारत होती. मग कालव्याच्या काठाने निघाली. पुलापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. वुब्बो तिच्या मागे धावत होता. दोन तास ती फक्त नाव घेत होती, आवाज बसला तरी घेत होती. शेवटी एका होडीवाल्याला ती सापडली, दारासमोरच.

"त्यानंतर ते नाव तिच्या तोंडून निघेना," वुब्बो म्हणाला. "तू झालीस तेव्हा दुसरं काहीही ठेवा म्हणाली होती. आजीने ऐकलं नाही. बाबा जाऊन तेच नाव लिहून आले. आई त्यांना काही बोलली नाही, पण तुला पाण्याजवळ एक पाऊल जाऊ द्यायची नाही. तू स्केटिंगसाठी रडायचीस, आणि ती आत मोरीवर उभी राहून रडायची. मी पाहिलंय."

आल्तीन खिडकीबाहेर बघत राहिली. तो कालवा साठच्या दशकातच बुजवला. आता तिथे गवत आहे आणि गाड्या उभ्या असतात. आई त्यानंतरही वीस वर्षं त्याच घरात राहिली.

"वुब्बो," ती म्हणाली, "एकदा तिने मला हाक मारली होती. दवाखान्यात, शेवटच्या दिवशी. डोळे मिटलेले होते. आल्तीन, म्हणाली. मग परत, आल्तीन. मी कुणाला सांगितलं नाही. छत्तीस वर्षं जपून ठेवलीय ती हाक. वाटायचं, उशिरा का होईना, आईने एकदा तरी नाव घेतलं. आणि आता कळतंय, ती मला नव्हतीच."

वुब्बोने मांडीवरचा कागद सरळ केला. कागद आधीच सरळ होता.

"तू काय केलंस?" त्याने विचारलं.

"काय करणार? 'आले गं आई, इथेच आहे,' म्हटलं. हात धरला. मग ती शांत झाली. झोपलीच."

म्हाताऱ्याने कागद बाजूला ठेवून तिचा हात धरला.

"त्या दिवशी मी तिच्या मागे होतो," तो म्हणाला. "दोन तास. पुलापर्यंत आणि परत. कुणी ओ दिली नव्हती गं. शेवटी ती ओ तू दिलीस."

आल्तीन रडली. आईसाठी की त्या चार वर्षांच्या बहिणीसाठी, तिला सांगता आलं नसतं. रेन्स्के चहाचा ट्रे घेऊन दारात आली तेव्हा दोघं भावंडं एकमेकांचे हात धरून बसली होती. झ्वोलेच्या त्या गृहस्थाला काय कळवायचं, असं तिने विचारलं.

"त्यांचा दाखला खरा आहे म्हणून कळव," आल्तीन म्हणाली. "आणि त्या पोरीला खोडू नका म्हणावं. मला तिच्या खाली लिहा."