शून्याकडचं टोक

माझ्या डाव्या टोकाला सहा मिलिमीटर कमी आहेत. एका काळ्या मुंगीएवढे. उजवीकडचा शंभराचा आकडा अजून ठळक आहे. डावीकडे शून्याच्या जागी गोलसर झिजलेलं लाकूड आहे.

मित्रांनो, मी शाळेतली एक जुनी मीटरपट्टी आहे. सागवानी, एकेकाळी दोन्ही टोकांना पितळी टोप्या असलेली. कारखान्यात माझी एकेक रेघ तपासून घेतली होती. पहिली काही वर्षं मी फळ्याची रुंदी, दाराची उंची, मुलांच्या उड्या मोजल्या. "पट्टी सांगेल ते खरं," असं गणिताच्या बाई म्हणायच्या, आणि मुळातच ताठ असलेली मी आणखी ताठ व्हायचे.

पण बाईंना एक सवय होती. वर्गात गलका झाला की मला उभी धरून त्या फरशीवर आपटायच्या, नेहमी शून्याकडच्या टोकावर. आधी टोपी निघाली, मग लाकूड झिजू लागलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं.

एके दिवशी बाईंनी टेबलाची रुंदी मोजायला लावली. एकेक जण माझं टोक कडेला लावी आणि साठ सेंटिमीटर वाचून जागेवर जाई. शेवटी एक मुलगी आली. सारखे प्रश्न विचारते म्हणून वर्ग तिला शंकाबाई म्हणे. तिने माझं टोक अंगठ्याने चाचपलं, मला सरकवून माझी दहाची रेघ कडेला आणली, दुसरीकडचा आकडा वाचला आणि त्यातून दहा वजा केले.

"एकोणसाठ पूर्णांक चार."

"सगळ्यांचं साठ, आणि तुझंच कमी कसं?" बाईंनी विचारलं.

"बाई, टोक झिजलंय. म्हणून मी दहापासून..."

"शून्यापासून मोजायचं. शिकवलंय ना तसं?"

"शंकाबाईचं टेबल धुतल्यावर आटलं," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि तिच्या वहीत लाल फुली पडली.

मित्रांनो, तिचं बरोबर होतं. सांगायला लाज वाटते, पण एवढ्या मुलांनी माझ्यावर विश्वास ठेवला याचं मला त्या क्षणी बरंच वाटलं होतं.

आठवड्याने सुतारकाका कपाटाचं दार बसवायला आले. त्यांनी सहज मला आपल्या टेपशेजारी धरलं. "बाई, तुमची पट्टी सहा मिलिमीटरच्या थापा मारते हो."

बाईंनी त्यांचा टेप घेऊन टेबल मोजलं. एकोणसाठ पूर्णांक चार. मग पुन्हा मोजलं.

"मुलांसमोर नका बोलू," त्या हळूच म्हणाल्या. "मी सांगेन त्यांना."

मला त्यांनी कपाटामागे ठेवून दिलं. वर्गात नवी प्लॅस्टिकची पट्टी आली. फटीतून मला त्या मुलीचा दुसरा बाक दिसायचा. पूर्वी सगळ्यांत आधी वर जाणारा हात आता मांडीवरच असायचा. कधीकधी बाई त्या बाकापाशी थांबत, काहीतरी बोलायला तोंड उघडत आणि म्हणत, "पुढचं पान काढा." असे चार महिने गेले.

परवा बाईंनी तिची वही हातात घेतली. "अठ्ठेचाळीस का खोडलंस? बरोबर होतं की."

"बाकीच्यांचं बेचाळीस आलंय, बाई."

बाईंनी वही मिटली. कपाटामागे हात घालून मला बाहेर काढलं आणि पदराने माझ्यावरची धूळ पुसली. मी झिजले त्याला माझा इलाज नव्हता. पण त्या मुलीने माझ्यापायी आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला. म्हणून, मित्रांनो, एवढंच मागते: कुणाचं उत्तर वेगळं आलं तर हसण्याआधी त्याला विचारा, तू कसं मोजलंस?

वर्गात कुजबुज चालली होती. बाईंनी मला आपटलं नाही. टेबलावर आडवी ठेवली आणि वर्ग आपोआप शांत होईपर्यंत थांबल्या.

"टेबल मोजलं त्या दिवशी हिचं उत्तर बरोबर होतं," दुसऱ्या बाकाकडे हात करून त्या म्हणाल्या. "चुकले होते मी. आणि ते मला चार महिने माहीत होतं."