जनकोजीच्या दाराची कडी

मी एक जुनी कडी आहे. चेन्नईत अड्यारच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात, एका खोलीच्या दाराला आतून बसवलेली. अंबत्तूरच्या कारखान्यातून निघाले तेव्हा चकचकीत होते. प्रवेशाच्या दिवसांत आईबाप मला हलवून पाहत आणि भक्कम आहे म्हणत, तेव्हा मी फुशारून जाई. पुढे खाऱ्या हवेने गंजले. तेल कोणी घातले नाही, तरी काम सोडले नाही. कडीला अक्कल लागत नाही, मित्रांनो. लावली की लागायचे, काढली की निघायचे.

यंदा तंजावरहून जनकोजी आला. तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरातला, त्यामुळे त्याच्या घरची मराठी जुन्या वळणाची. सीनियर नव्या मुलांना छळतात हे ऐकून तो मला सारखी लावून बसे. तमिळमध्ये हाका आल्या, इंग्रजीत धमक्या आल्या, पण त्याने मला काढले नाही.

एका रविवारी दुपारी बाहेरून मराठी ऐकू आली. "उघड रे, मी मकरंद. आपल्यातलाच आहे."

जनकोजीचा चेहरा इतका खुलला की मलाही बरे वाटले. त्याने मला झटक्यात काढले आणि घरी पाहुण्याला म्हणतात तसे म्हणाला, "या अण्णा, बैसा."

मकरंद पुण्याचा, तिसऱ्या वर्षाला. त्याच्यामागून आणखी काही जण आत शिरले आणि त्यांनी मला लावून घेतले. 'बैसा' ऐकून सगळे पोट धरून हसले. मग मकरंदने जनकोजीला कान धरायला लावले. प्रत्येक उठाबशीला त्याने मोठ्याने 'बैसा' म्हणायचे. आवाज उतरला की पट्टा, खाली पडला की अंगावर बादलीभर पाणी. शेवटी त्याला आईच्या बोलण्याची नक्कल करायला लावली आणि ती मोबाइलवर घेतली. समोरच्या खोल्यांत सगळे ऐकू जात होते. तिथल्या माझ्या बहिणी एकामागून एक आतून लागल्या. वॉर्डन जिन्यापर्यंत आले, पोरे ओळख करून घेतायत म्हणाले आणि परत गेले. त्या माणसाची मला अजून चीड येते.

दुसऱ्या दिवसापासून मेसमध्ये जनकोजीचे नावच 'बैसा' पडले. तो जेवायला जाईनासा झाला, फोन उचलीनासा झाला. म्हणून त्याची आई सईबाई तंजावरहून धावत आली आणि तिने दार वाजवले.

"जनको, आई आली की रे. दार काढ."

मराठी कानावर पडताच तो खाटेवरून उतरला आणि दोन्ही हातांनी मला दाबून धरले. ती जितकी लाडाने बोलावी, तितका तो घट्ट धरी. शेवटी तिने बोलावलेल्या सुताराने पहारीने दार उचकटले आणि मी उखडून पडले. सईबाई आत आली, तर तिचा मुलगा भिंतीकडे तोंड करून, कान धरून उठाबशा काढत होता. तिने मिठी मारली तरी तो थांबेना.

मित्रांनो, मी आता भंगारात वाकडी होऊन पडले आहे. दाराला नवी कडी बसली आहे आणि खोलीत नवा मुलगाही येईल. शेजारच्या खोलीत कोणी विव्हळताना ऐकलेत, तर आपली कडी काढा आणि बाहेर या. त्या दुपारी समोरचे एक जरी दार उघडले असते, तर आईला आपल्या मुलाचे दार फोडावे लागले नसते.