कोरंटीन खांब

"जपून रं पप्पू, पान मोडंल," असं म्हणत इमाम मिस्त्रीनं खांबाच्या माथ्याचा अर्धा तुकडा टेंपोतून अंगावर घेतला आणि पोर्चमध्ये पोत्यावर अलगद ठेवला. टेंपोवाला पप्पू दुसरा तुकडा घ्यायला वळला. घरमालक लालासाहेब वाकून त्यावरची नक्षीची पानं न्याहाळत होते. हा प्रकार कुठला म्हणायचा, असं त्यांनी विचारलं.

"कोरंटीन, आबा. लय भारी माल हाय," इमाम कौतुकानं म्हणाला.

चहा घेऊन आलेल्या शालूबाई उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी कप कठड्यावर ठेवला आणि आत निघून गेल्या. इमाम हात पुसून कपाकडं वळतो न वळतो तोच आतून आवाज आला, "त्यो खांब माझ्या दारात लावायचा न्हाई."

आता यात इमामची चूक होती म्हणावं तर होती, नव्हती म्हणावं तर नव्हती. विट्यापासून तासगावापर्यंतचे सगळे मिस्त्री त्या खांबाला कोरंटीनच म्हणत. साच्याबरोबर आलेल्या पत्रकावर कसलं तरी लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते पहिल्या मिस्त्रीच्या तोंडात शिरलं आणि कोरंटीन होऊन बाहेर पडलं. खांब तीन तऱ्हेचे: साधा, चकलीचा आणि कोरंटीन. गलाईवाल्यांची पसंती हटकून तिसऱ्याला. परमुलखात सोनं गाळायचं, गावी बंगला बांधायचा, जत्रेला चार दिवस राहायचं आणि एरवी गावानं खांब बघत बसायचं. पुढं कोरोनात तोच शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आला, तेव्हा मिस्त्री मंडळींनी खांबापासून लांब राहा म्हणून एकमेकांची थट्टाही करून घेतली होती.

लालासाहेब इमामला फाटकापाशी घेऊन गेले. त्यांचा मुलगा ऋषिराज सेलमला गलाईच्या दुकानात होता. "कोरंटीन केलंय म्हणून फोन आला. फुडं काय कळलंच न्हाई. तिकडंच जाळला. आमाला नुसती त्येच्या कपड्यांची पिशवी आली." हे खांब त्या पोरानंच पसंत केले होते, फोनवर फोटो धाडला होता. बंगला त्याच्या मनासारखा पुरा करायचा, एवढंच आता त्यांच्या हातात उरलं होतं. आणि बायको तर नाही म्हणून बसली होती.

आपल्या जिभेनं एका आईच्या काळजात सुरी फिरवली, हे इमामला त्या रात्री राहून राहून टोचत होतं. त्याची लेक अर्फा सांगलीला आर्किटेक्चर शिकत होती, तिला त्यानं फोन लावला. बापाचं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, शब्द तो नाहीच. कोरिंथ नावाच्या गावावरून कोरिंथियन. मग तिनं त्या पानांची गोष्ट सांगितली. इमाम इतकी वर्षं त्या पानांना कोबी समजत होता. तो ऐकता ऐकता उठून बसला.

दुसऱ्याच्या दारात जाऊन कबरीची गोष्ट सांगायची, म्हणजे आगीत तेल ओतायचं. तो सकाळपर्यंत जाऊ की नको करत राहिला आणि शेवटी गेला. शालूबाई पोर्चमध्ये केर काढत होत्या. तो पायरीच्या खालीच उभा राहिला.

"काकी, माझी जीभ चुकली. त्यो शब्द न्हाईच त्यो."

शालूबाईंनी वर पाहिलं नाही. पण त्यांचा झाडू थांबला, तेवढ्या आधारावर तो बोलत गेला. लय जुन्या काळी परदेशात कोरिंथ गावची एक लग्नाला आलेली पोर आजारानं गेली. तिला सांभाळणाऱ्या बाईनं तिच्या आवडीच्या चीजवस्तू टोपलीत भरून कबरीवर ठेवल्या, पावसात भिजू नयेत म्हणून वर कौल झाकलं. टोपलीखाली एका झाडाचं मूळ होतं. ते फुटलं, पानं टोपलीच्या भोवतीनं वर चढली आणि कौलाला अडून बाहेर वळली. एका कारागिरानं ते पाहिलं आणि दगडात उतरवलं. खरंखोटं देव जाणे, पण पुस्तकात असंच आहे म्हणे.

"टोपली कुणी उचलली न्हाई?" शालूबाईंनी विचारलं.

"न्हाई काकी. पानांनी धरून ठेवली."

"तिला जागा तरी हुती. माझ्या पोराला ती बी न्हाई," त्या म्हणाल्या आणि पोत्यावरच्या तुकड्याजवळ जाऊन बसल्या. आत हात घालून त्यांनी चाचपलं. "ह्ये पोकळच ऱ्हातंय का?"

"व्हय. मधी काँक्रीटचा खांब, भवतीनं मोकळं."

त्या आत गेल्या आणि एका दुरडीत प्लॅस्टिकची पांढरी पिशवी घेऊन आल्या. दवाखान्यातून आली तेव्हाची गाठ तशीच होती. लालासाहेब मागोमाग आले. एकदा सोडून तरी बघ, असं ते हळूच म्हणाले.

"नगं," शालूबाई म्हणाल्या. "गाठ त्येनंच मारली असंल तर?"

त्यांनी दुरडी इमामच्या हाती दिली आणि खांबाकडं बोट केलं. इमाम शिडीवर चढला. वाटेकडच्या खांबाचा पहिला अर्धा तुकडा त्यानं बसवला, पोकळीत दुरडी ठेवली, हलणार नाही अशी तारेनं बांधली आणि दुसरा तुकडा जोडला. दर सांध्याला तो सवयीनं बिस्मिल्ला म्हणायचा, आज त्यानं ते मनातल्या मनात म्हटलं. मग त्यानं व्हाईट सिमेंटनं सांधा भरला आणि कुठं फट राहिली नाही ना, हे बोट फिरवून दोनदा पाहिलं.

शालूबाई मान वर करून बघत होत्या. "काय नाव म्हणालासा त्या गावाचं?"

"कोरिंथ."

त्यांनी ओठ हलवले. "कोरं... कोरंटीन." चार वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडातून आला नव्हता. इमाम दुरुस्त करायला गेला, पण त्यांनी हातानंच थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या. जिभंला येतंय त्येच म्हणू."

कठड्यावर कालचा चहा तसाच होता, वर साय धरलेला. त्यांनी कप उचलला, इमामला जाऊ नका म्हणाल्या आणि दुसरा ठेवायला आत गेल्या.