दोन्हीकडे धावणारे ओघळ

बाबा गेले आणि आता त्यांची सगळी चित्रं संग्रहालयात जाणार होती. घरी एकच ठेवायचं होतं आणि ते आईनं निवडायचं होतं. लेकीनं मात्र आईच्या वतीनं निवड कधीच उरकली होती. कॉलेजात चित्रकला शिकवायची ना ती, सवय जाते कुठली!

बाबांच्या खोलीला अजून टर्पेंटाइनचा वास होता. तो नाकात शिरला आणि दप्तर टाकून इथंच धावत यायचे दिवस तिला आठवले.

"हे घे," पिवळं चित्र पुढं करत ती म्हणाली. "यात तू आहेस. शिलाई मशीनवर वाकलेली. बाबांनी नाकडोळे काढून टाकले, हात काढले, शेवटी मशीनसुद्धा. तरी पाठीचा तो बाक उरलाच. याला म्हणतात अमूर्त. मुळात वस्तू असते, ती गाळत गाळत जायची."

"आणि ते निळं?"

"त्यात गाळायला मुळात काही नव्हतंच. ते कशाचंच चित्र नाही, नुसता रंग. आणि उलटं ठेवलंयस बघ, ओघळ वर चाललेत."

आई खुदकन हसली. "नीट बघा, मास्तरीणबाई. वरचे वर चाललेत, खालचे खाली."

खरंच की! इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून लेकीनं ते पाहिलंच नव्हतं.

"त्या वर्षी ह्यांचा खांदा आखडला होता," आई सांगू लागली. "हात छातीच्या वर जाईना. नुसते धुमसत बसायचे. मग म्हणाले, ज्याला डोकं नाही, पाय नाहीत, असंच काहीतरी रंगवतो. खालचा भाग झाला की हाक, 'अगं, फिरव!' मी हातातलं टाकून यायची, चित्र उलटं करून द्यायची. परत जाते तोवर पुन्हा हाक. जीव नकोसा करायचे."

लेकीला ती हाक आठवली. तेव्हा तिला वाटायचं, दोघं भांडतायत.

"पण आई, पिवळ्यात तू आहेस गं."

"मला बघायला आरसा आहे घरात," आई म्हणाली. "ह्यांना कुठं बघू?"

लेकीनं पिवळं चित्र उचललं आणि संग्रहालयात न्यायच्या ढिगात ठेवून दिलं.