शून्य चारशे सतरा

"करा ना सही, ताई. अकरा वाजता नवं मशीन चालू करायचंय," नव्या कंपनीच्या मॅडम म्हणाल्या आणि पेनाचं टोपणही त्यांनीच काढून दिलं.

ताईंनी टोपण परत लावलं. "नाही करणार."

रक्तपेढीच्या त्या लांबट खोलीत फ्रिज घरघरत होते. रुग्णालयाचे मोठे साहेब आज खास यासाठी दोन मजले उतरून आले होते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

इथला प्रोग्राम बावीस वर्षांपूर्वी ताईंनी एकटीनं लिहिला होता, आता कुणी शिकतही नाही अशा जुन्या डेटाबेसच्या भाषेत. कुठली पिशवी कोणत्या गटाची आणि ती कुणाला द्यायची, सगळं त्यावरच चालायचं. त्यात ताईंची एक खोड होती. कुठलीही माहिती पुढे सोडण्याआधी त्या तिला विचारत, तू कोण? अक्षरं, आकडा, तारीख, की कुणीच नाही? यंत्र एका अक्षरात उत्तर देई, मगच पुढचं काम. अशी चौकशी तीनशे बारा ठिकाणी. त्यामुळे हाताखालची मंडळी त्यांना पाठीमागे संशयीबाई म्हणत. घरी नवराही सोडत नसे. "मला पसंत करताना केली होतीस का गं एवढी चौकशी?"

"केली असती तर तू आज दुसऱ्या कुणाचं तरी डोकं खात असतास," ताई म्हणत.

नव्या कंपनीनं हा प्रोग्राम झाडून-पुसून नव्या मशीनवर आणला होता. तो बरोबर आहे अशी ताईंची सही झाली की चालू होणार होता.

"झाडताना तुम्ही अवतरणचिन्हं काढलीत," ताई म्हणाल्या.

"त्या चौकशीतली? हो. व्हेरिएबलच्या नावाला कुणी अवतरणचिन्हं देतं का? आम्हाला चूकच वाटली. आणि काढूनही सगळ्या चाचण्या पास झाल्यात, हजार पिशव्यांवर."

"त्यात शून्यानं सुरू होणारा नंबर एक तरी होता?"

मॅडमनी यादी वरखाली पाहिली. नव्हता.

"मग घाला. शून्य चारशे सतरा."

मॅडमनी नंबर घातला. हा आकडा आहे, असं यंत्रानं बिनदिक्कत सांगितलं. आकडा म्हटल्यावर सुरुवातीचं शून्य गाळलं आणि चारशे सतरा नंबरची पिशवी पडद्यावर आणली. ती पिशवी वेगळी होती. तिचा गटही वेगळा होता.

"पण आपण तर अक्षरं म्हणून साठवलाय हा नंबर," मॅडम पुटपुटल्या. "मग आकडा कसं म्हणतंय?"

"अवतरणचिन्हं असली की ते त्या नावाच्या व्हेरिएबलचा डबा शोधतं आणि डबा कसला ते सांगतं. काढलीत की डबा उघडतं आणि आत जे दिसेल त्याचा प्रकार सांगतं. आत सगळे आकडेच दिसल्यावर दुसरं काय म्हणणार बिचारं? मीही हेच केलं होतं, पहिल्या वर्षी."

त्या वर्षी वॉर्डातल्या एका सिस्टरनी अशीच चुकून आलेली पिशवी लावण्याआधी तिच्यावरची चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली, म्हणून एक माणूस वाचला. सिस्टर पिशवी घेऊन खाली आल्या, ती त्यांनी ताईंच्या टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर ताईंनी त्या निमूट ऐकल्या असत्या. सिस्टर तशा निघून गेल्यावर मात्र ताईंनी रात्रभर बसून जिथंतिथं अवतरणचिन्हं घातली होती.

आता साहेबांचा संयम सुटला. "बाई, हजारात एखादी पिशवी! पुढच्या महिन्यात करतील दुरुस्त. मी वर कळवून बसलोय. सही करा आणि मोकळ्या व्हा."

"करते. फक्त त्या एकाचं नाव लिहून द्या."

"कोणाचं?"

"हजारातल्या त्या एकाचं. ज्याला ही पिशवी लागणार आहे, त्याचं."

साहेब लालबुंद झाले. "हा शुद्ध उद्धटपणा आहे! उद्यापासून तळघरात जुन्या फायली लावत बसाल."

"बसेन. पण सही होणार नाही."

ताईंना राग आला होता आणि थोडी भीतीही वाटत होती. तळघरात गेलेलं माणूस वर परत येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आयुष्यात जीव लावून केलेलं काम हे एवढं एकच, आणि ते आता हातचं जाणार होतं.

साहेब मॅडमकडे वळले. "मग तुम्हीच करा. तपासलं म्हणून."

मॅडमनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "आत्ता डोळ्यांनी पाहिलंय, सर. आता कशी करू?"

साहेब पाय आपटत निघून गेले. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "तीनशे बारा ना, ताई? अवतरणचिन्हं मशीनकडूनच एकदम परत टाकून घेऊ?"

"नको. नको तिथेही टाकेल. मी माझ्या प्रोग्रामची जुनी छापील प्रत बघून ओळ सांगते, तू टाक." 'तू' कधी आलं, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

चारच्या सुमाराला शिपाई एक कागद देऊन गेला. ताईंची बदली तळघरात, उद्यापासून. मॅडमनी तो त्यांच्या खांद्यावरून वाचला आणि ताडकन उठल्या. "असं कसं? मी जाऊन बोलते त्यांच्याशी!"

"खाली बस. ओळ चुकेल," ताई म्हणाल्या. "कितवी झाली?"

"एकशे नव्वद."

ताईंनी बदलीचा कागद उभा दुमडला, नखानं घडी पक्की केली आणि पट्टीसारखा छापील प्रतीवर पुढच्या ओळीखाली धरला.

"हं. एकशे एक्क्याण्णव."